तुमच्या माणसालाही पाठवा

सलग दोन गुरुवार चिठ्ठी आली नाही, तेव्हा सदाशिवराव वैजापूरकरांचा जीव वरखाली व्हायला लागला. आता चिठ्ठी म्हणजे काय, तर एका दुकानाचा ईमेल. चक्क जाहिरातीचा! औरंगपुऱ्यात सुलेखाताईंचं घरगुती खाऊचं दुकान आहे. मेतकूट, भाजणी, कुरडया, सांडगे असलं सगळं तिथं मिळतं. एकदा मेतकूट घेताना काउंटरवरच्या पोरीनं ईमेलचा पत्ता विचारला आणि सदाशिवरावांनी तो एकेक अक्षर सुटं करून दोनदा सांगितला. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी 'गुरुवारची चिठ्ठी' यायची. असले मेल तुम्हीआम्ही न उघडताच पुसून टाकतो. पण चिकलठाण्यातल्या या माणसाचा अख्खा आठवडा त्या मेलवर उभा होता.

चिठ्ठीच्या शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ असायची. 'आवडलं ना? मग एकट्यानं वाचू नका, तुमच्या माणसालाही पाठवा.'

सदाशिवराव पाठवायचे. अगदी इमानेइतबारे, दर गुरुवारी, आणि एकाच माणसाला. बंगळुरूला असलेल्या स्वरालीला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला. वर स्वतःचा एकही शब्द लिहायचे नाहीत, कारण लिहायची बंदी होती.

ही बंदी का आली ते सांगायलाच हवं, आणि सांगताना या माणसाचा राग आल्याशिवाय राहत नाही.

सदाशिवराव जिल्हा परिषदेत छत्तीस वर्षं कारकुनी करून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. आलेला कागद स्वतःपाशी ठेवायचा नाही, ज्यांचा ज्यांचा संबंध त्यांना प्रत रवाना करायची, खाली 'माहितीस्तव' लिहायचं आणि मोकळं व्हायचं, ही सवय हाडीमाशी मुरलेली. निवृत्तीनंतर कागद संपले, पण हातात मोबाईल आला. मग काय विचारता! सांधेदुखीचा काढा असो, कुणाच्या मुलाचा निकाल असो, कुणाचं ऑपरेशन असो, आलं की पुढं. शेवटपर्यंत वाचायचीसुद्धा तसदी घ्यायची नाही. "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही," असं त्यांची बायको उमा म्हणायची आणि सदाशिवराव कौतुक झाल्यासारखे हसायचे.

दीड वर्षापूर्वी स्वरालीचं बाळ दुसऱ्यांदा पोटातच गेलं. चौथा महिना होता. दवाखान्यातूनच तिनं मेसेज लिहिला, तोही आईला नाही, बापाला, कारण आई कोसळली असती. मोठा मेसेज होता. काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, तपासणीत काय निघालं, सगळं. सदाशिवरावांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्या अंधारीत त्यांनी काय करावं? 'वैजापूरकर परिवार' नावाच्या ग्रुपवर, त्रेचाळीस माणसांना, तो मेसेज जसाच्या तसा रवाना केला. खाली लिहिलं, 'माहितीस्तव. ओळखीत चांगला डॉक्टर असल्यास कळवावे.' हेतू वाईट नव्हता हो. परभणीच्या बहिणीला कुणीतरी माहीत असेल, सगळी घरचीच तर माणसं, असं त्यांना वाटलं. मेसेजची शेवटची ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. 'बाबा, आईला हळूहळू सांगा. बाकी कुणालाही कळू देऊ नका, हिमांशूच्या घरीसुद्धा सांगितलेलं नाही.'

तासाभरात ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडला. कुणी उपास सांगितले, कुणी अंगारा. एका काकूनं तर दोष कुणात आहे ते सरळ विचारलं. संध्याकाळच्या आत बातमी हिमांशूच्या, म्हणजे जावयाच्या आईपर्यंत पोचली. तिथं स्वरालीला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते कुणी कधी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. ती रडली नाही की ओरडली नाही.

"बाबा, यापुढं तुमचा एक शब्द मला पाठवू नका. फोन नको, मेसेज नको. मला तुमची भीती वाटते."

बाकी काहीही म्हणाली असती तरी चाललं असतं. रागावली असती, वाटेल ते बोलली असती, तर बापानं ऐकून घेतलं असतं. पण पोटच्या पोरीला आपली भीती वाटते हे त्यांना सोसवेना. जेवता जेवता घास तसाच हातात राहायचा. ग्रुप त्यांनी सोडला, काढे पाठवणं बंद केलं. त्याचा काय उपयोग होता आता!

तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता स्वराली आईला फोन करायची आणि हे गॅलरीत जाऊन उभे राहायचे. पाठ आत, तोंड बाहेर, कान मात्र घरात. "बाबा कसे आहेत," एवढं एकदा तरी विचारील म्हणून ते वाट पाहायचे. ती विचारायची नाही.

सहा महिने असे गेले आणि एका गुरुवारी त्यांना चिठ्ठीतली ती ओळ दिसली. तुमच्या माणसालाही पाठवा. छत्तीस वर्षांचा कारकून तो, त्यानं लगेच अर्थ लावला. 'तुमचा एक शब्द' नको असं ती म्हणाली होती. चिठ्ठीतले शब्द तर दुकानाचे आहेत! आपला त्यात एकही नाही. म्हणजे नियमात बसतं. त्यांनी पुढं पाठवायचा बाण दाबला, तिचा पत्ता घातला आणि दिवसभर मोबाईल छातीशी धरून बसले. मेल परत आला नाही. उत्तरही आलं नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनी पुन्हा पाठवला.

एक वर्ष झालं, उत्तर कधीच आलं नाही. पण एकदा, फक्त एकदा, चिठ्ठीत कुरडईच्या भाजीबद्दल लिहून आलं आणि त्याच रविवारी उमा फोनवर म्हणताना ऐकू आली, "कुरडईची भाजी कशी करायची? का गं, आज एकदम?" गॅलरीत सदाशिवरावांनी कठडा घट्ट धरला. वाचते! पोर वाचते! उमाला त्यांनी काही सांगितलं नाही, पण त्या दुपारी त्यांनी तिला कुरडईची भाजीच करायला लावली आणि दोनदा मागून घेतली. आज ना उद्या ती उत्तर देईल, निदान 'मिळालं' एवढं तरी लिहील, या एका आशेवर तो माणूस गुरुवार ते गुरुवार जगत होता.

आणि आता चिठ्ठीच बंद. त्यांनी स्पॅम पाहिला, मोबाईल बंद करून चालू केला, शेजाऱ्याला दाखवला. शेवटी शनिवारी सकाळी उमाला "मेतकूट संपलंय" असं सांगून निघाले. मेतकुटाचा डबा अर्धा भरलेला होता. जालना रोडनं शहर बस, क्रांती चौकातून रिक्षा, असं करत औरंगपुऱ्यात पोचले, तेव्हा दुकान नुकतंच उघडलं होतं.

काउंटरवर प्रेरणा होती. ही करमाडची पोर, रोज बसनं यायची. माल मोजून द्यायची, हिशेब बघायची आणि चिठ्ठीही तीच लिहायची.

"काका! लई दिवसांनी?"

"अगं, माझी चिठ्ठी बंद झालीय. दोन गुरुवार झाले."

"बंद कशी हुईल? थांबा, बघते." तिनं कंप्युटरवर नाव टाकलं. "काका, तुमचं नाव तर यादीतून निघालंय. तुम्हीच काढलंय की ओ."

"मी? मी कशाला काढीन?"

"खाली बारीक अक्षरात असतं बघा, यापुढं चिठ्ठी नको असल्यास इथं दाबा म्हणून. ते दाबलंय. अन् कारणबी लिहिलंय तुम्ही. आई गं, केवढं मोठं लिहिलंय!"

चिठ्ठी बंद करणाऱ्याला एक चौकोन यायचा. 'का नको? मोकळेपणानं सांगा, आम्ही एकेक अक्षर वाचतो.' डोंबलाचं वाचतात! लग्नसराई होती, रुखवताच्या ऑर्डरी होत्या, पंधरा दिवसांत त्या चौकोनाकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. प्रेरणानं स्वतः न वाचताच कंप्युटरचा पडदा सदाशिवरावांकडं वळवला आणि मेतकूट बांधायला घेतलं. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वाचायला लागले.

'नमस्कार. मी तुमची ग्राहक नाही. माझे वडील दर गुरुवारी तुमची चिठ्ठी मला पाठवतात. तुम्ही शेवटी पाठवा म्हणता म्हणून पाठवतात, त्यांना कुणी काही सांगितलं की ते ऐकतात. चिठ्ठी छान असते. मी वाचते, कधी कधी दोनदा. पण या वेळी तुम्ही बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांबद्दल लिहिलंत आणि ते वडिलांच्या नावानं आलं, तेव्हा माझे हातपाय गार पडले. मला सातवा महिना आहे. आधी दोनदा गेलंय. या वेळी माहेरी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही, कारण आईला कळलं की बाबांना कळणार आणि बाबांना कळलं की सगळ्यांना. मला वाटलं, त्यांना कळलंच. बीपी इतकं वाढलं की दोन दिवस दवाखान्यात राहावं लागलं. मग लक्षात आलं, नेहमीसारखं त्यांनी न वाचताच पाठवलं असणार. पाठवू नका असं मी त्यांना सांगू शकत नाही, ते खचून जातील. डॉक्टर म्हणतात मन शांत ठेवा. तेव्हा तुमच्याकडूनच माझा पत्ता बंद करा. माझ्या वडिलांना यातलं काही कळू देऊ नका.'

सदाशिवरावांनी या वेळी शेवटची ओळही वाचली. मग पुन्हा वर गेले. सातवा महिना. सातवा! आनंद असा उसळला की त्यांना ओरडावंसं वाटलं, समोरच्या बरण्यांना सांगावंसं वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ 'दोन दिवस दवाखान्यात' हे शब्द आले. लाडवांची ती चिठ्ठी त्यांनीच पाठवली होती. थंडीचे लाडू म्हणून वरवर पाहिली आणि दिली पुढं ढकलून. तिसऱ्यांदा आपल्याच हातानं गेलं असतं, या विचारानं त्यांनी काउंटरचा आधार घेतला.

"काका? काय झालं ओ?" प्रेरणा पुडी टाकून पुढं आली. तिनं पडद्याकडं पाहिलं, वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. बाजूचं स्टूल तिनं ओढून दिलं.

"हे माझ्या नावावर कसं आलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पुढं पाठवलेल्या चिठ्ठीत खालची ती ओळ तुमच्याच नावाची राहती काका. ताईला वाटलं आपला पत्ता काढतोय, निघालं तुमचं नाव. लई जणांचं असं होतं." मग ती खालमानेनं म्हणाली, "पाठवा पाठवा म्हणून मीच लिहिते ओ दर बारीला. गिऱ्हाईक वाढतं म्हणून सुलेखाताईंनी शाबासकी दिली होती मला. मला काय माहीत कुणाच्या घरी काय होतं."

"तुझी ओळ चांगली आहे. असू दे," सदाशिवराव म्हणाले. "हे पुसता येतं?"

"येतं की."

"पूस मग. सुलेखाताईंना पण दाखवू नकोस. कुणालाच सांगू नकोस, बाळा. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

सदाशिवराव वैजापूरकर दुसऱ्याला म्हणत होते, कुणाला सांगू नकोस! ऐकणाऱ्या पोरीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं मान हलवली आणि बोट बटणावर ठेवलं. "पुसू?" त्यांनी एकदा शेवटचं पाहून घेतलं. निदान 'मी वाचते, कधी कधी दोनदा' एवढं तरी कागदावर उतरवून घ्यावं असं फार वाटलं. पण कागद घरी जाणार, उमाच्या हाती लागणार. "पूस," ते म्हणाले, आणि पडदा कोरा झाला.

"तुमचं नाव घालू का परत यादीत?"

"नको गं. माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही."

प्रेरणाला काय सुचलं कोण जाणे, तिनं मागच्या फळीवरून डिंकाच्या लाडवांचा डबा काढला. "पत्ता सांगा काका, ताईला कुरिअर करते. दुकानाकडून म्हणून. तुमचं नावच नको टाकायला."

सदाशिवरावांचा हात डब्याकडं गेला. बाजरीच्या भाकरीसाठी हट्ट धरणारी, खोबरं किसताना निम्मं तोंडात टाकणारी आपली पोर, तिच्या हातावर हा लाडू पडावा यापलीकडं त्यांना जगात काही नको होतं. मग त्यांनी हात मागं घेतला.

"संभाजीनगरहून लाडू आले की तिला कळेल, मला कळलंय. ठेव आत."

मेतकुटाची पुडी घेऊन ते बाहेर पडले. बसमध्ये शेजारी कुणी एक ओळखीचे निघाले, परिषदेतलेच, आणि "काय म्हणते मुलगी?" म्हणाले. एरवी सदाशिवरावांनी उतरेपर्यंत त्यांना सोडलं नसतं. आज ते "मजेत आहे" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. आजोबा होणार आहे मी, हे पोटात मावत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. उमा म्हणाली, "संपलंय म्हणालात, पण डबा तर अर्धा भरलेला आहे. परत कशाला आणलंत?" ते म्हणाले, "विसरलो."

दुसऱ्या दिवशी रविवार. अकराला फोन वाजला. सदाशिवराव गॅलरीत जाऊन उभे राहिले. आतून उमाचा आवाज येत होता. "व्हिडिओ लाव ना गं. का नाही? नेट कसं नसतं तुझ्याकडं नेहमी? बरं, संक्रांतीला तरी ये. मग मी येऊ का चार दिवस? का? अगं, पण का नको?" मग बराच वेळ नुसतं हं, हं. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

ते आत आले. उमा मटारच्या शेंगा पुढ्यात घेऊन बसली होती, पण सोलत नव्हती.

"चार महिने झाले, तोंड दाखवलं नाही तिनं मला," ती म्हणाली. "दिवाळीला आली नाही. संक्रांतीलाही नाही म्हणते. मी येते म्हटलं तर नको म्हणते. अहो, भांडण तुमच्याशी होतं ना? मग मी काय केलं?"

"कामात असेल," ते म्हणाले.

"काम! आईला चेहरा दाखवायला काम आड येतं? तिला आता मी नकोशी झालेय. आवाजसुद्धा कसा दमल्यासारखा येतो तिचा. काही दुखतं खुपतं का विचारलं तर काही नाही म्हणते. माझ्यापासून लपवते काहीतरी. घटस्फोट बिटस्फोट तर नसेल ना हो?"

"छे, तसलं काही नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

सगळं सांगून टाकावंसं सदाशिवरावांना वाटलं. ही आई आहे तिची. नऊ महिने पोटात वाढवलंय हिनं तिला. हिला सांगितलं म्हणजे काय बाहेर सांगितलं का? आपल्याच घरातलं माणूस आहे. तोंड उघडलंसुद्धा त्यांनी. आणि मग लक्षात आलं की दीड वर्षापूर्वीही ते असंच म्हणाले होते, सगळी घरचीच तर माणसं. उमाला कळलं की ती आज रात्रीच्या गाडीत बसणार. दारात आई उभी दिसली की स्वरालीला कळणार, बाबांना कळलंय. पुन्हा ते बीपी, पुन्हा तो दवाखाना. त्यांनी तोंड मिटलं.

"बोला ना काहीतरी! दगडासारखे काय उभे आहात?" उमाचा आवाज फाटला. "तुमच्यामुळं माझी पोर तुटली माझ्यापासून. तुमच्या त्या जिभेमुळं. आणि आता तुम्हाला तिचं काही वाटतसुद्धा नाही."

"हो," सदाशिवराव म्हणाले. "माझ्यामुळंच तुटली."

त्यावर ती एकदम खचली. शेंगांचं ताट बाजूला सारून, पदर तोंडात कोंबून हमसाहमशी रडायला लागली, घरात कुणी गेल्यावर बायका रडतात तशी. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. बाळंतपणाला अजून दहा आठवडे होते. एका वाक्यात ते रडणं थांबलं असतं, आणि ते वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. सदाशिवरावांनी आतून पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं, शेजारी जमिनीवर बसले आणि तिला रडू दिलं.